विमानाचा पत्रा आणि आत्याची कोठी

विमानाच्या पत्र्याला सुरकुत्या असतात. विमान जुनं असेल तर जास्त असतात. ही गोष्ट तिकीट विकणारे सांगत नाहीत, शाळेच्या पुस्तकात ती नाही, आणि विमानात बसून आलेले लोक गावात येऊन जे काय सांगतात त्यात तर मुळीच नसते. गोळी दिली, कानात घालायला कापूस दिला, दारात बाईनं नमस्कार केला, एवढ्यावर त्यांचं विमान संपतं. मला ही गोष्ट माझ्या आत्यामुळे कळली. ती नागपूरच्या विमानतळावर विमानाच्या शिडीपर्यंत गेली, तिनं शेपटीकडचा पत्रा पाहिला, आणि पाठ फिरवून परत आली.

याला आता चार-पाच वर्षं झाली. तेव्हा मी वर्ध्याला कॉलेजात होते आणि कॉलेजपेक्षा जास्त आमच्या मंडळात होते. मंडळ म्हणजे आम्ही सातआठ जण, एक उसनं सायक्लोस्टाइल यंत्र आणि खळीचा एक डबा. नळाला पाणी का नाही, रेशनच्या दुकानातलं माप खोटं का, एस.टी.ची शेवटची गाडी रद्द का, अशी आमची पत्रकं असायची. लिहायचं काम माझ्याकडे होतं. लोक म्हणायचे, पोरगी फार कडू लिहिते. मी म्हणायचे, पाणी गोड आलं की गोड लिहीन.

आत्या राहायची हिंगणीला, बोरच्या जंगलाकडे तोंड करून असलेल्या घरात. आतोबा शेती बघायचे. त्यांची एकच मुलगी. तिचा नवरा मस्कतला विजेच्या कामावर होता आणि लग्नानंतर वर्षाच्या आत तिलाही त्यानं तिकडे नेलं. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे चर्चा नसते. सातव्या महिन्यात मुलगी येणार, आत्या खोली सारवून ठेवणार, हे ठरलेलं होतं. पण तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की तिची तब्येत नाजूक आहे, प्रवास अजिबात नको. मग आत्यानं उलट हिशेब केला. पोरीला माहेरी येता येत नाही, तर माहेरानं उठून पोरीकडे जायचं. पासपोर्ट निघाला, जावयानं कागद पाठवले, आणि हिंगणीतून पहिल्यांदाच एक बाई आळीव, बाळंतशोपा, ओवा, खसखस आणि डिंकाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा घेऊन विमानानं निघाली. नागपूरहून मुंबई, आणि मुंबईला जावयाचा भाऊ तिला पुढच्या विमानात बसवून देणार होता.

तिला पोचवायला नागपूरला मी गेले होते. आतोबा आले नाहीत. ते म्हणाले, मले ते उडताना पाह्यवणार नाई.

त्या वेळी नागपूरला विमानापर्यंत पायीच जायचं. पोचवायला आलेले लोक कुंपणाच्या जाळीशी उभे राहून हात हलवायचे. मीही हलवत होते. सगळ्यांत शेवटी आत्या चालली होती, हिरवं लुगडं, हातात पिशवी. मागच्या शिडीशी ती थांबली. मान वर करून शेपटीकडे बघत राहिली. मग तिनं दोन पावलं बाजूला सरकून, तिरकी होऊन बघितलं, जसं आपण ताटाला पोचा आहे का ते उजेडात धरून बघतो. खालच्या माणसानं तिला हातानं वर जायची खूण केली. ती त्याच्याशी काहीतरी बोलली. तो हसला. आणि आत्या वळली आणि सरळ माझ्याकडे चालत आली.

तिच्यामागे तो माणूस, त्याच्यामागे दुसरा. तिचा डबा विमानाच्या पोटातून परत काढावा लागला, त्यात बराच वेळ गेला, आणि आतले सगळे प्रवासी तोवर बसून राहिले. मला फार शब्द ऐकावे लागले. आत्या मात्र लाडवांचा डबा हाती येईपर्यंत जागची हलली नाही.

"काय झालं आत्या?"

"फुगलं हाय ते."

"काय फुगलं?"

"विमान. मांगून. आपल्या तुरीच्या कोठीवानी वळ्या पडल्या हायत त्याले. म्या त्या पोट्ट्याले इचारलं, हे काय हाय बापा. तर हासते. म्हणते, काई नाई मावशी, चला. तुरीच्या कोठीच्या वक्ती तो टिनवालाबी असाच हासला होता."

कोठीचं मला माहीत होतं. आत्याच्या घरी धान्याच्या पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, एक ज्वारीची आणि एक तुरीची. पत्रा वळवून, शिवण घालून, वरून रिबीट ठोकलेल्या, पुरुषभर उंचीच्या. तुरीच्या कोठीला खालच्या बाजूला सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं टिनवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, काई होत नाई. मग एका दुपारी एकेक करून रिबीट सुटले, शिवण उकलली, आणि वर्षाची तूर घरभर झाली. आतोबा तेव्हा कोठीला पाठ टेकून झोपले होते. ते उठले ते तुरीत.

तेव्हा आत्यानं विमानतळावर जे केलं ते मला वेडेपणाचं वाटलं नाही, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते. वाटलं ते नातेवाइकांना. वर्ध्याला आमच्या घरी ते एकेक करून येऊन गेले. एवढी शिकलेली माणसं बसतात, त्यांना दिसत नाही आणि हिलाच कसं दिसलं. मी विचारलं, तुमच्यापैकी कोणी बघितलंय का विमान जवळून? कोणीच बघितलं नव्हतं.

पण मुलीचे दिवस भरत आले होते. मुंबईहून पुढचं विमान रोज नव्हतं. मुंबईपर्यंत रेल्वेनं जाता आलं असतं, पण आत्याच म्हणाली, "मुंबईच्या पुढं का रेल्वे समुद्रावरून जाते? विमानात बसावं तं लागनच ना." तिला मुलीकडे जायचं होतं आणि त्या पत्र्यात बसायचं नव्हतं. दोन्ही एकदम होणार नव्हतं. ती वर्ध्यालाच आमच्याकडे थांबली. हिंगणीला गेली असती तर लोकांनी विचारून विचारून तिला खाल्लं असतं.

मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा तयार होता: "सुरकुतलेल्या विमानात प्रवाशांचा जीव टांगणीला." खाली तीन मागण्या. मंडळात वाचून दाखवलं तर आमच्यातला एक जण म्हणाला, "वाटाचं कोणाले हे? वर्ध्यातून विमानात बसते कोण? कावळ्याइले वाटाचं काय?"

"माझी आत्या बसते," मी म्हणाले.

"ते बसली कुठं? ते तं शिडीपासूनच परत आली."

मंडळाचा एक नियम होता. ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांना आधी जाऊन विचारायचं आणि त्यांचं उत्तर पत्रकात छापायचं. रेशन दुकानदाराचंही छापलं होतं. म्हणून मी नागपूरला विमान कंपनीच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या साहेबानं माझं म्हणणं अर्धं ऐकलं. म्हणाला, सुरकुत्या नसतात, प्रकाशामुळे तसं दिसतं. मी म्हटलं, माझ्या आत्याला पत्रा कळतो. तो म्हणाला, मग त्यांनी बैलगाडीनं जावं. हे उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतलं. तो अजून त्या खिडकीत असेल तर असो. विमानात बसलं की कमरेचा पट्टा कसा बांधायचा ते हातवारे करून दाखवतात म्हणे. पत्र्याला वळ्या का पडतात ते दोन वाक्यांत सांगायला यांचं काय जातं?

पुलगावचा एक मुलगा मंडळात होता. तो म्हणाला, आमच्या गल्लीत एक सार्जंट आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले, मग विमान कंपनीत मोठ्या विमानांच्या पत्र्याचं काम केलेले. बोलायला लागले की थांबत नाहीत. मी निघाले तर आत्यानं चपला घातल्या.

"तू कशाला? दगदग होईल."

"म्या पाह्यलं, म्याच इचारीन. तू लिवून घेजो."

सार्जंटचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं. पुढे ताजा चुना मारलेली कंपाउंडची भिंत, आणि त्या भिंतीवर मधोमध आमच्या मंडळाचं पत्रक, एस.टी.चं. सार्जंट व्हरांड्यात बनियनवर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर ते उठून आत गेले आणि पाण्याची बादली आणि खराटा घेऊन आले.

"पहले वो निकालो," ते म्हणाले. "मग बोलू."

"ते आमच्या पुलगावच्या पोरांनी लावलं असेल."

"नाव तर तुमच्या मंडळाचं आहे ना? काढा."

मी भिंत घासली. आमची खळ चांगली असते, त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला नाही. आत्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून चहा पीत होती आणि अधूनमधून सांगत होती, "वरच्या कोपऱ्यात राह्यलं व."

भिंत घासून झाली आणि मग आत्यानं त्यांना सगळं सांगितलं, कोठीसकट. ते मध्येच हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूचं. पण ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच भ्यालात."

"उगाच काऊन? सांगा ना मंग."

त्यांनी माझ्याकडे हात केला. "एक पत्रक द्या. कोरी बाजू इकडे." मी पिशवीतून काढून दिलं. त्यांनी कागदाची डावी कड एका हाताच्या मुठीत आणि उजवी कड दुसऱ्या मुठीत ताणून धरली. "हे पत्र्याचं एक पान समजा. चारी बाजूंनी रिबीट मारलेलं. आता हा हात वर आणि हा खाली." त्यांनी तसं केलं आणि कागदावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरप्या वळ्या उठल्या. "फाटला?"

"नाई."

"ओढ कुठून चालली आहे? या वळ्यांच्या रेषेवरून. दाब आला की पातळ पत्रा वाकतो, ओढ आली की तोच ताठ राहतो. म्हणून एका अंगानं वळी पडते आणि दुसऱ्या अंगानं तोच पत्रा दोर ताणल्यासारखा ओझं धरतो. आतमध्ये गोल कडी आहेत, आडव्या पट्ट्या आहेत, बाकी ओझं त्यांच्यावर. विमान आखतानाच हे धरलेलं असतं. तुमच्या पत्रकाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला."

मी ते बोलणं गिळलं. विचारलं, "मग जाड पत्रा का लावत नाहीत? वळी पडणारच नाही."

"लावा की. मग ते विमान पुलगाव ते वर्धा रस्त्यानं चालवा. उडायचं नाही." ते आत्याकडे वळले. "बाई, विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याची चाकं पोटाखाली असतात. शेपटी मागे अधांतरी. एका टोकाला धरलेल्या लांब बांबूसारखी ती स्वतःच्या वजनानं खाली वाकते. वरून ताणली जाते, खालून चेपते, बाजूला ओढाताण. म्हणून तुम्हाला जिथे दिसल्या तिथेच वळ्या पडतात. वर गेल्यावर आत हवा भरतात, माणसाला श्वास घेता यावा म्हणून. ती हवा आतून दाबते, तुमच्या कोठीत तूर दाबते तशी. मग पत्रा तट्ट होतो, वळी जाते. खाली उतरलं, हवा सोडली, परत वळी."

"म्हणजे कोठीच्या उलटं," आत्या म्हणाली. "कोठी भरली का वळी पडे. याची रिकामी झाल्यावर पडते."

"बरोबर."

"पण मंग सगळ्याच इमानाले पडाले पाह्यजे. ह्याले ज्यास्त होत्या. बाजूले दुसरं उभं होतं, लहान, नवंकोरं, त्याले नव्हत्या."

सार्जंटनी तोच कागद परत धरला, आणि या वेळी हात वर-खाली, वर-खाली, पुष्कळदा केले. मग कागद टेबलावर सपाट ठेवून हातानं दाबला. तिरप्या रेषा पुसट, पण तशाच राहिल्या होत्या. "रोज फुगायचं, रोज बसायचं. कधी पायलट आपटून उतरवतो. वर कडाक्याची थंडी, खाली नागपूरचं ऊन. रिबीटाची भोकं केसभर सैल होतात. एखादं पान बदललं तर नवं पान जुन्याइतकं मऊ बसत नाही. हळूहळू पत्रा पहिल्यासारखा सपाट व्हायचं सोडतो. म्हातारं झालं की पडतातच. माझ्याकडे बघा."

आत्यानं बघितलं नाही. ती कागदाकडे बघत होती.

"बरी वळी समजली," ती म्हणाली. "आता वाईट कोणती ते सांगा."

"ते बघायला माणसं असतात."

"तुरीच्या कोठीलेबी मानूस होता."

इथे सार्जंटनी कागदाची घडी घालायला घेतली. मी पेन हातात धरून बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला सांगायचं नसेल तर तसं लिहिते, की विचारलं आणि सांगितलं नाही. ते माझ्यावर चिडले. म्हणाले, तुमची ही धमकी रेशनच्या दुकानात चालत असेल. पण मग सांगितलं, आणि नीट सांगितलं. वळी गोलसर, पाण्यावरच्या लाटेसारखी असेल तर ठीक. घडी घातल्यासारखी कडक, धारदार असेल तर वाईट. रिबीटाच्या मागे काजळीसारखा काळा ओघळ आला असेल तर तो रिबीट आत हलतोय, पत्रा घासून त्याची भुकटी बाहेर येतेय. रिबीटाचं डोकं एका बाजूनं उचललेलं असेल, वळीच्या रेषेवर रंग तडकला असेल, तर ते विमान थांबवायचं.

"आणि हेही लिहा," ते मला म्हणाले. "खरी भीती वळीची नसते. खरी भीती चिरेची. ती रिबीटाच्या भोकाशी सुरू होते, केसापेक्षा बारीक, वरच्या पत्र्याखाली लपलेली. खालून बघून ती कोणालाच दिसत नाही, मलाही नाही. तिच्यासाठी किती उड्डाणं झाली ते मोजतात, विमान उघडतात, यंत्रानं आरपार बघतात."

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे दिसते त्याले भ्याचं नाई, अन् ज्याले भ्याचं ते दिसत नाई."

"असंच आहे, बाई."

"मोजतात ना पण ते? नेमानं?"

"मी होतो तिथे मोजायचे."

त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही आणि मी ते मागितलंही नाही. निघताना त्यांनी मला दारात विचारलं, "पत्रकं काढता सगळ्यांची. लग्नाचं पत्रक कधी काढणार?" मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर पहिलं लावीन. आत्या हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मात्र ती खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाटीकडे बघत होती. दहेगाव गेल्यावर म्हणाली, "तू बसली असती काय त्याच्यात?"

मी विचार करून उत्तर दिलं, कारण तिला थाप मारायची नव्हती. "बसले असते. आधी त्या खिडकीतल्या माणसाशी भांडले असते, मग बसले असते."

"भांडून वळी जाते काय?"

"नाही."

"मंग भांडण मले नोको सांगू. बसली असती, एवढंच सांग."

"बसले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून डिंक तळल्याचा वास आला. विमानतळावरून परत आलेले लाडू तिनं आल्यागेल्यांना वाटून टाकले होते. ती नवे करत होती. आईनं तिला विचारलं नाही आणि मीही नाही. वडील तिकिटाच्या मागे लागले.

दुसऱ्या वेळी आम्ही विमानतळावर लवकर गेलो. आतोबा या वेळीही आले नाहीत, पण त्यांनी हिंगणीहून एक विळी पाठवली होती, मस्कतला कशी मिळेल म्हणून. ती विमानतळावरच्या पोलिसानं काढून घेतली. आत्या त्यावर भांडली नाही. ती सगळ्यांच्या पुढे चालत गेली, मागे नाही, म्हणजे बघायला वेळ मिळेल. शेपटीखाली उभी राहिली. मी जाळीला धरून होते. त्याच कंपनीचं विमान, तेच की दुसरं ते मला कळायला मार्ग नव्हता. तिनं एका बाजूनं बघितलं, मग वाकून दुसऱ्या बाजूनं. सगळे प्रवासी तिच्या बाजूनं चढत गेले. पांढऱ्या शर्टातला एक जण धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. बहुधा गेल्या खेपेचं त्याला आठवत होतं. आत्यानं त्याला बोटानं वर काहीतरी दाखवलं. त्यानंही मान वर केली. दोघं काही वेळ शेपटीकडे बघत उभे होते.

मग ती चढली. वरच्या पायरीवरून तिनं मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला वाटतं ती परत उतरली असती, आणि हे तिलाही माहीत असावं.

चार दिवसांनी तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आतोबांनी हिंगणीत पेढे वाटले. मी पत्रक पुरं केलं. मथळा बदलला नाही, कारण मथळा वाचल्याशिवाय लोक खाली येत नाहीत, पण खाली बरी वळी आणि वाईट वळी दोन्ही लिहिल्या, खिडकीतल्या साहेबाचं बैलगाडीचं उत्तर लिहिलं आणि मागणी एकच ठेवली: प्रवाशाला आधी सांगा. वर्ध्याच्या बसस्थानकावर वाटलं. लोकांनी त्यात शेंगदाणे बांधून नेले. मंडळातल्या त्या मित्रानं विचारलं, कावळ्यानं वाचलं काय? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सव्वा महिना उलटल्यावर आत्या परत आली, मुलगी आणि नात दोघींना घेऊन. आता मुलीचं माहेरपण रीतीप्रमाणे झालं. मी पत्रक घेऊन हिंगणीला गेले. खोली सारवलेली होती, शेगडीत ओव्याची धुरी होती. आत्या नातीला पायांवर घेऊन तेल लावत होती.

"तुझ्या त्या सार्जंटनं मले अर्धंच सांगतलं," ती म्हणाली.

"काय राहिलं?"

"पंखाचं. म्या शेपटी पाह्यली, लाटेवानी वळ्या, काळं काई नाई, मंग बसली. मले खिडकी भेटली, पंखावरची. खाली उभं होतं तवा पंख सपाट, आरशावानी. वर गेलं, अन् पंखाच्या मुळाशी वळ्या उठल्या. बारीक बारीक. त्यानं तं सांगतलं होतं का वर गेल्यावर वळी जाते. इथं वर गेल्यावर आली. आता उतरू कशी?"

"मग? कुणाला सांगितलंस?"

"कोणाले सांगू? बाजूचा मानूस झोपला होता. म्या पिशवी छातीशी धरली अन् पाहत बसली. मंग दिसलं का पंख वर उचलला हाय. टोक वर गेलं होतं. म्हटलं, शेपटी खाली लोंबते, पंख वर उचलते. शेपटी खालून चेपते, तं हा वरून चेपत असन. त्या कागदावानी. उतरल्यावर पुन्हा सपाट झाला. बरोबर हाय काय माह्यं?"

मला माहीत नव्हतं. मी नंतर पुलगावला पोस्टकार्ड टाकून विचारलं. उत्तर आलं, बरोबर आहे, पंखाचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं! एक बाई समुद्रावर जायला निघालेली, आणि हे राहून गेलं. पण त्या दिवशी, हे उत्तर यायच्या आधीच, मी आत्यासमोर पुष्कळ बोलले. विमान कंपनीवर, सार्जंटवर, खिडकीतल्या त्या साहेबावर. प्रवाशाला आधी सांगितलं असतं तर तासभर तिला एकटीला तो पंख बघत बसावं लागलं नसतं. आतेबहीण दारात उभी राहून ऐकत होती.

"मले तं तू काईच बोलली नाई," ती आईला म्हणाली. "म्या इचारलं, कसं झालं विमान, तं म्हणे चांगलं झालं."

"दिवस भरलेल्या पोरीले सांगू काय का पंख सुरकुतला होता म्हणून?" आत्या म्हणाली. नातीला तिनं उपडं केलं आणि पाठ चोळायला लागली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "येतानी सांगतलं ना पण. बसल्या बसल्या पयले सांगतलं. म्हटलं, बाई, आता वर गेल्यावर ह्या पंखाले वळ्या पडतीन, ते बराबर हाय, भ्याचं नाई. तुह्या पत्रकात लिवलं तसंच, आधी सांगतलं."

"मग?"

"मंग काय. इनं लेकरू माह्या मांडीवर देल्लं अन् म्हणे, आई, मले झोपू दे."